गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या मावशी

औषधाच्या दुकानात गेलेला माणूस काहीतरी घेऊन बाहेर येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उरण नाक्याजवळच्या मावशींच्या मेडिकलमधून लोक बहुतेक वेळा हात हलवत बाहेर यायचे. कुणी ओशाळलेले, कुणी चिडलेले, आणि माझ्यासारखे काही जण एकाच वेळी दोन्ही.

मावशी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. सगळ्या पनवेलच्याच त्या मावशी होत्या. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळी घरातल्या. घराण्यात फार्मसी शिकलेल्या त्या पहिल्या, पण हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर मासळीची पाटी टेकवून घटकाभर बसणारी त्यांची वहिनी ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. शिकल्या तरी मावशींची बोली खाडीचीच राहिली. ‘आमी’, ‘तुमी’, ‘हाय’, ‘नाय’. औषधांची नावं तेवढी इतकी स्वच्छ उच्चारायच्या की एखाद्या डॉक्टरने समोर वही घेऊन बसावं.

दुकान रस्त्याच्या खाली होतं. म्हणजे मुळात नव्हतं. रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी नवा थर चढत गेला आणि दुकान होतं तिथंच राहिलं. त्यामुळे दोन पायऱ्या उतरून, डोकं वाकवून आत जावं लागे. समोर माणूस वाकलेलाच येतो, हे मावशींना सोयीचं वाटत असावं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात आणि मावशी वहिनीच्या घरी उरणला असतात. पण अजूनही त्या दारावरून जाताना माझी मान आपोआप जराशी खाली जाते.

‘काय पाहिजे?’ असं त्या कधीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ‘कोनाला?’ हा असे. आणि या प्रश्नाचं उत्तर धड न आल्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळत.

एकदा माझ्यादेखत एक टापटिपीचे गृहस्थ आले आणि अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या द्या म्हणाले.

“दोनच?”

“हो. मला दोन घेतल्या की बरं वाटतं. मग मी थांबतो.”

“तुमी थांबता. जंतूंना सांगितलंत काय, थांबा म्हनून?”

गृहस्थ भडकले. “देणार नसाल तर दुकान उघडलंय कशाला?”

“बंद करायला सवड मिळत नाय,” मावशी म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.

दुसरी एक सवय म्हणजे, कातडीचं काहीही असलं की त्या माणसाला बाहेर फुटपाथवर न्यायच्या. “ट्यूबलायटीत समदेच आजारी दिसतात,” हे त्यांचं म्हणणं. मग भर उन्हात कुणाचा दंड, कुणाची मान, कुणाची पोटरी वळवून वळवून बघणं चाले. वहिनीच्या पाटीतल्या पापलेटाचा कल्ला उचलून त्या ज्या नजरेने बघायच्या, त्याच नजरेने. समोर रिक्षास्टँड. तिथून सल्ले यायचे.

“मावशी, नागीण वाटतेय!”

“तू तुझा मीटर बघ,” मावशी मान वर न करता म्हणायच्या. आणि शेवटी निकाल ठरलेला : “हे माझ्याकडचं काम नाय. डाक्टरकडे जा.”

काउंटरवर एक मोठी काचेची बरणी होती. कधीकाळी तिच्यात लिमलेटच्या गोळ्या असाव्यात. माझ्या वेळी तिच्यात अर्धवट पिळलेल्या ट्यूबा असत. गोरं करणाऱ्या, डाग घालवणाऱ्या, खाज, गजकर्ण आणि नायटा यांवर एकाच वेळी चालून जाणाऱ्या. कुणी असली ट्यूब नमुना म्हणून आणली आणि ‘अशीच द्या’ म्हणालं, की मावशी ती हातात घ्यायच्या, उलटून बारीक अक्षरं वाचायच्या आणि शांतपणे बरणीत टाकायच्या. परत मिळत नसे. लोक चिडायचे. काही जण दुसऱ्या मेडिकलमध्ये जायचे. तो दुसऱ्या मेडिकलमध्ये जाणारा माणूस मी.

ते सांगायचं तर मुलीबद्दल सांगायला हवं.

आमच्या मुलीला अकरावीत पिंपल्स आले. वय होतं, येतात. मलाही आले होते आणि त्यांच्यासह मी एका मुलीला पसंत पडलो, हे मी जेवताना सांगितलं. “मी फोटोवरून पसंत केलं होतं,” बायको म्हणाली. विषय तिथं संपला असता. पण मुलगी कबड्डी खेळते. साधीसुधी नाही, चढाई करते. आणि एके दिवशी ताटावरून उठता उठता ती म्हणाली, “बाबा, चढाईला गेलं की समोरच्या सातही जणी तोंडाकडेच बघतात.”

त्या रात्री मी कामाला लागलो. माझी नोकरी कंटेनर यार्डातली. कुठला ट्रेलर किती वाजता कुठल्या गेटला लागायचा, याचं वेळापत्रक लावणं हे माझं काम. वीस वर्षं हे केलं की माणसाची अशी खात्री होते, की जगातला कुठलाही घोळ हा मुळात वेळापत्रक नसल्यामुळे झालेला असतो.

घरात उपायांची कमतरता नव्हती. आईचं म्हणणं, चंदन उगाळून लावा. डोंबिवलीची मेहुणी मुलतानी मातीवर ठाम. नेऱ्याचे काका कडुलिंबाचा पाला गोणी भरून पाठवायला तयार. बायकोची गॅलरीतली कोरफड. आणि मी स्वतः एका व्हिडिओत लिंबू आणि मध पाहिला होता. आता यातलं एक निवडायचं म्हणजे चार जणांची मनं मोडायची. आमच्या घराण्यात ते बसत नाही. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव आधी छापायचं यावरून आमच्याकडे एक पिढी बोललेली नाही.

म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. रकाने चार : उपाय, सांगणारे, दिवस, परिणाम. प्रत्येकाला चार-चार दिवस. कुणावर अन्याय नको. नेऱ्याहून काकांचा फोन आला, “लावलास का रे पाला?” की मी अभिमानाने सांगायचो, “लावतोय काका. शुक्रवारपर्यंत तुमचाच आहे.”

“तुम्ही पोरीच्या तोंडाला गेट नंबर देताय,” बायको म्हणाली. पण कोरफडीचे चार दिवस आल्यावर तीही गप्प बसली.

परिणामाच्या रकान्यात मी बहुतेक ठिकाणी ‘ठीक’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात लिंबाने गाल सोलवटला होता. तो माझा उपाय असल्याने तिथंही ‘ठीक’च होतं.

मग मेहुणीच्या पार्लरवालीने एक ट्यूब सुचवली. ती लावली आणि चार दिवसांत चेहरा नितळ झाला. नितळ म्हणजे अगदी नितळ. आई म्हणाली, दृष्ट काढा. मी रकान्यात ‘अप्रतिम’ लिहिलं, बाकीचे रकाने बाद केले, आणि यार्डातल्या तिघांना ट्यूबचा फोटो पाठवला. दोन महिने सुखात गेले. एकच बारीकशी गोष्ट होती : दोन दिवस ट्यूब लावली नाही की गाल लाल व्हायचे, जळजळायचे, आणि पिंपल्स दुपटीने यायचे. त्यावर माझा उपाय सोपा होता. ट्यूब चुकवायची नाही.

तिसरी ट्यूब संपली तेव्हा मी घरी येता येता मावशींच्या दुकानात उतरलो आणि रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवली.

“कोनाला?”

“मुलीला. सतरा वर्षांची आहे. पिंपल्स.”

मावशींनी ट्यूब उलटली, वाचली. बरणीत टप्पकन आवाज झाला.

“पोरीला आना.”

“अहो, ती आता येणार नाही. नुसती ट्यूब द्या. फार गुण आहे हिचा. मी सगळ्यांची तुलना केलेली आहे.” आणि मी मोबाइल काढून तक्त्याचा फोटो दाखवला. आजही ते आठवलं की मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवून तो फोटो मोठा करून, रकाना रकाना वाचला. इतक्या लक्षपूर्वक माझं काम यार्डातही कुणी वाचलं नव्हतं.

“हे औषधपानी हाय का पाव्हनचार?” त्या म्हणाल्या. “चार दिवस याचे, चार दिवस त्याचे. पोरीच्या तोंडावर समद्यांचा मान राखलात तुमी.”

“पण शेवटी या ट्यूबने फरक पडला ना?”

“पडनारच. हिच्यात स्टेरॉइड हाय. मुरूम बरं नाय करत ती, गप बसवते. हात काढला की दुप्पट ओरडतं. असं किती दिवस धरून बसनार? कातडी पातल होते तोवर?”

मी म्हणालो, बघतो. पायऱ्या चढलो. आणि पुढच्या चौकातल्या मेडिकलमधून तीच ट्यूब घेतली. त्यांनी ‘कोणाला’ विचारलं नाही. वर पिशवीही दिली.

घरी जेवताना मी मावशींवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. पातळ काय, स्टेरॉइड काय, गिऱ्हाइकाची वस्तू बरणीत टाकणं काय! मुलगी वरणभात कालवत ऐकत होती.

पंधरा दिवसांत ट्यूब लावूनही चेहरा भडकायला लागला. गालांवर लाली, तिच्यावर बारीक पुळ्या, हनुवटीला पू. घामाने आग व्हायची. मुलीने कबड्डी सोडली. बाथरूममधल्या आरशावर टॉवेल टाकला. खोलीत जेवायला लागली आणि आम्ही गेलो की भिंतीकडे तोंड करायची. जिल्हा संघाची निवड चार महिन्यांवर होती. कबड्डीच्या सरांचा फोन आला तर ती आतून म्हणाली, “सांग, पाय मुरगळलाय.” मी खोटं सांगितलं. फोन ठेवल्यावर मला कळलं, की या घरात मुलीचं नुसतं तोंड बिघडलेलं नाही.

आणि तरी रोज पाचच्या सुमाराला ती डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर कुठेतरी जायची. मी बायकोला विचारलं.

“मावशींकडे,” बायको म्हणाली. “तुम्ही एवढ्या शिव्या दिल्यात ना, तेव्हाच तिला वाटलं, या बाईला काहीतरी कळतंय.”

माझ्या संतापाचा घरात झालेला हा एकमेव उपयोग.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी गेलो. मुलगी फुटपाथवर उभी होती, स्कार्फ सोडून. भर रस्त्यात, उजेडात, उघड्या तोंडाने. जिला आरसा सोसत नव्हता ती. मावशी बघत होत्या. रिक्षास्टँडवर चक्क शांतता होती. नंतर कळलं, मावशींनी तिथं जाऊन आधीच दम भरला होता, की या पोरीच्या वेळेला जो तोंड उघडेल त्याला आयुष्यात खोकल्याचं औषध मिळणार नाही.

“भडकलंय,” मावशी म्हणाल्या. “काल बोललेली ना, भडकनार म्हनून?”

“हो.”

“मग बरोबर चाललंय. उद्या ये.”

एवढंच. स्कार्फ बांधून मुलगी गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी पायऱ्या उतरलो. काय बोलावं ते ठरवलं होतं, पण त्याआधीच मावशी म्हणाल्या, “दुसऱ्या दुकानातून घेतलीत.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी दिली नाय. पोरीच्या तोंडावर दिसते. आता तिसरं काय हाय?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच,” मावशी म्हणाल्या. मी वाट बघत होतो की आता ‘जाऊ दे’ म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी आतून स्टूल ओढून दिलं, बसा म्हणाल्या, आणि सांगितलं की त्यांनी मुलीला कातडीच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलंय, पण पोरगी एकटी जाणार नाही. “ट्यूब कशी सोडायची ते डाक्टर सांगंल. मी फक्त रोज बघते. एकटीने बघितलं की वाटतं संपलं समदं. दुसऱ्याने बघून सांगितलं की कळतं, हे व्हायचंच होतं.”

डॉक्टर तरुण होत्या आणि शांत. ट्यूब हळूहळू बंद करायची, मग पुढे काय काय करता येईल ते त्यांनी कागदावर लिहून समजावलं. एक जेल रात्री लावायचं, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. सुरुवातीला सालं निघतात. दुसरं जेल काही वेळ लावून धुऊन टाकायचं. उशीचे अभ्रे पांढरे फटक करतं, पण पिंपलला चांगलं. काही आठवडे गोळ्या, त्या उगाच लांबवायच्या नाहीत. आणि अगदीच नाही आटोपलं तर एक जोरदार कॅप्सूल, पण तिला रक्ततपासण्या आणि बरीच पथ्यं. माझे डोळे चमकले. चार पर्याय! रकाने आपोआप दिसायला लागले.

“यातलं सगळ्यात लवकर गुण देणारं कुठलं?” मी विचारलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तू बाहेर बसतोस का?”

मी बाहेर बसलो. तिने दोन्ही जेल आणि थोडे दिवस गोळ्या असं डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवलं. घरी जाताना मला राहवेना. तिला सोडून मी तो कागद घेऊन मावशींकडे गेलो.

“मावशी, तुम्हीच सांगा. हे बरोबर का ती कॅप्सूल बरोबर?”

“डाक्टर बसलीय ना तिथं? मी कशाला सांगू?” पण कागद त्यांनी वाचला. “चांगलं लिवलंय. आता बारा आठवडे यातलं काय बदलायचं नाय. पयल्या महिन्यात वाईट दिसंल. दुसऱ्यात वाटंल, काय उपेग नाय. तवा तुमचा नेऱ्याचा काका फोन करंल.”

“मग मी काय करू?”

“तुमी?” मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुमचं काम म्हंजे बघायचं नाय. रोज सकाळी पोरीच्या तोंडाकडे बघता ना, वाढले का कमी झाले? ती तुमचं तोंड बघते. तिचा आरसा तुमीच झालाय. बारा आठवडे बघायचं नाय.”

वाचकहो, हे फार अवघड आहे. आपल्याच मुलीशी तिच्या तोंडाकडे न बघता कसं बोलायचं? मी कान निवडला. डावा. तीन महिने मी माझ्या मुलीच्या डाव्या कानाशी बोललो. अभ्यास झाला का, दूध घेतलंस का, सगळं कानाला. “याच्या मानेला काही झालंय का?” आईने बायकोला विचारलं. बायकोने मावशींचा हुकूम सांगितला तेव्हा आई म्हणाली, “मग मलाही एखादा कान द्या.” तिला उजवा दिला.

मावशींचा अंदाज दिवसासकट खरा ठरला. पहिल्या महिन्यात सालं निघाली. घरातले सगळे टॉवेल ठिपक्याठिपक्यांनी पांढरे झाले. सातव्या आठवड्यात काकांचा फोन आला. “पाला पाठवू का?” मी म्हणालो, “काका, तुमचा पाला उत्तम आहे. पण लावायचा नाही.” काका दोन महिने बोलले नाहीत. घराणं मोडलं नाही.

दहाव्या आठवड्यात मुलीने बाथरूममधला टॉवेल काढला. बायकोने मला स्वयंपाकघरात येऊन खुणेनेच सांगितलं. अकराव्यात ती पाच वाजता मावशींकडे गेली आणि तिथूनच परस्पर मैदानावर. आल्यावर कान घामेजलेला होता आणि त्याच्यावर माती होती, एवढं मी पाहिलं.

निवडीचे सामने मावशींच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवरच्या शाळेच्या मैदानात होते. बायको, आई आणि मी पुढच्याच सतरंजीवर बसलो होतो. शिट्टी झाली. पहिल्या चढाईत तिची पकड झाली. ती बाहेर येऊन आमच्याकडे पाठ करून बसली. आता ही पुन्हा खोलीत जाणार, पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, असं मनात येऊन मी उठलो. “पाणी आणतो,” म्हणालो, आणि चालत सुटलो तो थेट दोन पायऱ्या उतरून काउंटरपाशी थांबलो.

“मावशी, ओआरएसची दोन पाकिटं द्या.”

“कोनाला?”

मी नुसते पैसे काउंटरवर ठेवले.

“पोरीला दम लागलाय?”

“नाही.”

“तुमाला जुलाब?”

“नाही, मला काही झालेलं नाही.”

“मग नाय मिळनार.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “खेळ कवा हाय?”

“सुरू झाला.”

“सुरू झाला नि तुमी मेडिकलात?” मावशी उभ्या राहिल्या. त्यांना गिऱ्हाइकाला घालवायला उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. “जा! पयले जा! बारा आठवडे झाले काल. आता बघायचं. डोळं फाडून बघायचं. चला, निघा माझ्या दुकानातून.”

इतक्या आनंदाने मी त्या दुकानातून कधीच हाकलला गेलो नव्हतो. गल्लीतून अक्षरशः धावलो. या वयात, या पोटासह, कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याने “काय साहेब, कुत्रा मागे लागला काय?” विचारलं तरी थांबलो नाही.

मैदानावर पोचलो तेव्हा तिला परत आत घेतलं होतं. ती मधल्या रेषेवर उभी होती आणि तिचं तोंड बरोबर माझ्या बाजूला होतं. मी कान सोडला आणि समोर पाहिलं. गालांवर जुन्या पुळ्यांचे तांबूस डाग होते, बरेच. हनुवटीवर एक ताजा पिंपल होता. कपाळावर केस चिकटले होते, नाकावर माती होती. समोर सातजणी हात धरून, तिच्या चेहऱ्यावर नजर रोखून उभ्या होत्या. आणि ती त्या सातजणींपैकी कुणाचा पाय पुढे आला आहे, तेवढंच बघत होती.